इंकस्केपसाठी वर्गणी काढताना: पैसा कोणाला, कशासाठी आणि कोणत्या टप्प्यावर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतले छोटे प्रेसवाले, डीटीपीवाले आणि स्वतंत्र डिझायनर असे तीसेक जण एकत्र आले आहेत. प्रत्येकी सहा हजार रुपये द्यायची तयारी आहे. इंकस्केप या मुक्त चित्रांकन प्रोग्रॅममधून थेट सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंतली, पीडीएफ निघावी आणि मराठी मजकुराच्या काही अडचणी सुटाव्यात, यासाठी एखाद्या स्वतंत्र डेव्हलपरला पैसे देऊन काम करून घ्यायचं आहे. हे कसं करावं?

करता येतं, आणि करावंही. पण कोड लिहून घेणं हा या व्यवहाराचा अर्धाच भाग आहे. तो कोड मुख्य प्रकल्पात सामावला गेला तरच तुमचे पैसे वसूल झाले. तसं झालं नाही, तर तुमच्याकडे इंकस्केपची एक वेगळी, फक्त तुमची प्रत उरते. पुढची आवृत्ती आली की ती जुनी होते आणि दर वेळी तोच बदल नव्याने बसवून घ्यायला पुन्हा पैसे लागतात. वेगळी शाखा चालवणं किती जड जातं हे फोटो सुधारायच्या गिम्प या मुक्त प्रोग्रॅमपासून फुटून निघालेल्या ग्लिम्प्सने दाखवून दिलं. 2019 मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प 2021 मध्ये थांबला. म्हणून माणूस निवडताना, करार करताना आणि हप्ते ठरवताना एकच गोष्ट तपासत राहा: हे काम मुख्य शाखेत, म्हणजे प्रकल्पाच्या अधिकृत कोडमध्ये, जाण्याची शक्यता यामुळे वाढते आहे का?

आधी कामाच्या आकाराबद्दल. इंकस्केपची मूळ फाइल एसव्हीजी आहे, आणि 1.4 पर्यंतच्या आवृत्त्यांत पीडीएफ कैरो या लायब्ररीतून (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमधून) बाहेर पडते ती आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांतच. सीएमवायके पीडीएफ हवी म्हणजे एक्सपोर्टच्या खिडकीत एक बटण वाढवायचं एवढंच नाही. रंग साठवायचे कसे, रंगांचं प्रोफाइल कुठे लावायचं, पारदर्शक वस्तू आणि फिल्टर यांचं काय करायचं, आणि पीडीएफ लिहिणारा भागच बदलायचा का, हे सगळं त्यात येतं. एक लाख ऐंशी हजारांत हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत होणार नाही. त्यावर आधीपासून काम करणाऱ्या माणसाला हातभार म्हणून पैसे देता येतील. स्वतः मालक असल्यासारखं ते हाती घेऊ नका.

लोकवर्गणीतून मोठी कामं झाली आहेत, पण त्यांचे आकडे आणि कालावधी बघून घ्या. 2002 मध्ये ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या प्रोग्रॅमचा कोड खुला करण्यासाठी 1,00,000 युरो सात आठवड्यांत जमले आणि 13 ऑक्टोबर 2002 रोजी तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. तिथे कोड तयार होता, फक्त मोकळा करायचा होता. क्रिटा या चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅमची गोष्ट तुमच्या कामाच्या जास्त जवळची आहे. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरच्या 2014 च्या पहिल्या मोहिमेत 15,000 युरोंच्या उद्दिष्टावर सुमारे 20,000 युरो जमले. 2016 च्या तिसऱ्या मोहिमेत 38,000 हून जास्त युरो जमले, आणि तिचा विषय नेमका मजकूर आणि व्हेक्टर हा होता. त्यातून क्रिटा 4.0 आली ती मार्च 2018 मध्ये. तरीही मजकुराची मांडणी नव्याने लिहावी लागली आणि तो पाया 2023 च्या 5.2 मध्ये आला. जाणत्या, एकत्र काम करणाऱ्या मंडळींना मजकुरावर इतकी वर्षं लागतात. मजकूर हा ग्राफिक्स सॉफ्टवेअरचा सर्वांत चिवट भाग आहे, आणि देवनागरी त्यातही अवघड.

मजकूर अवघड असतो याचं एक कारण नीट समजून घ्या, कारण वर्गणीचे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात. इंकस्केपमध्ये दिसणारा दोष इंकस्केपचा असेलच असं नाही. अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ करतं, त्यासाठी मजकुराचे तुकडे पँगो पाडतं, चित्र आणि पीडीएफ कैरो काढतं, कोरलड्रॉची फाइल लिबसीडीआर उघडतं. प्रत्येक प्रकल्पाची माणसं वेगळी, नियम वेगळे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, ही तक्रार घ्या. एका दुपारचं काम वाटतं. पण जोड कुठे लांबवायचा हे फॉन्टला ठाऊक नसतं, मांडणी करणाऱ्या लायब्ररीला प्रत्येक अक्षरगट सुटा दिसतो, आणि इंकस्केप फक्त त्या गटांमध्ये तेवढं अंतर सोडतं. असं काम इंकस्केपच्या डेव्हलपरला दिलंत तर तो दोन महिन्यांनी प्रामाणिकपणे सांगेल की हे माझ्या हातात नाही. तोवर पैसे संपलेले असतील.

दुसरं उदाहरण: मराठी ल आणि श. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये मराठी वळणाची ही अक्षरं वेगळी दिलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरने सांगितलं तरच ती उमटतात. हिंदी वळणाचा ल दिसला तर दोष फॉन्टचा, भाषेची खूण पुढे न पोचवणाऱ्या कोडचा, की भाषा निवडायला जागाच न देणाऱ्या पटलाचा, हे आधी शोधावं लागतं. म्हणून पहिला टप्पा नेहमी तपासणीचा ठेवा. त्याचे पैसे वेगळे द्या आणि त्यातून फक्त एक लेखी टिपण मागा: दोष कोणत्या थरात आहे, दुरुस्ती कोणत्या प्रकल्पाच्या कोडभांडारात जाईल, तिथला कोण ती तपासेल, अंदाजे तास किती. हे टिपण हातात येईपर्यंत पुढचा करार करू नका.

आणखी एक अडचण तुमच्या यादीत नक्की असेल: कोरलमधल्या जुन्या फाइली. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टपद्धतींत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. लिबसीडीआरने फाइल उघडली तरी मजकूर निरर्थक खुणांचा दिसतो, कारण तो युनिकोड नाहीच. यासाठी इंकस्केपमध्ये पैसे घालू नका. तो मजकूर रूपांतरित करणारं वेगळं, लहान एक्स्टेन्शन पायथनमध्ये लिहून घ्या. त्याला मुख्य शाखेची परवानगी लागत नाही, ते स्वतंत्रपणे वाटता येतं, आणि नवख्या डेव्हलपरलाही जमतं. प्रत्येक फॉन्टमालिकेचा तक्ता मात्र वेगळा करावा लागेल. तो तक्ता तपासायला र्‍या, क्ष, श्र, ट्र, द्ध, रु, रू हे शब्दांत वापरून बघा. चुका बहुतेक इथेच सापडतात.

सीएमवायकेची निकड आजची असेल तर पैसे न घालता एक वाट आहे, तिचा आधी पुरता वापर करा. इंकस्केपमध्ये मजकुराचे पाथ (नुसते आकार) करून एसव्हीजी जतन करा आणि स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये आयात करा. रंगांच्या यादीत ‘फ्रॉमएसव्हीजी’ अशा नावाने सुरू होणारे रंग दिसतील. त्यांतला काळा काढून त्याच्या जागी स्क्रायबसचा स्वतःचा ब्लॅक निवडा, बाकीचे रंग सीएमवायके करून टक्के भरा, आणि पीडीएफ एक्स ही छपाईसाठीची पीडीएफ काढा. इंकस्केपमधले फिल्टर, ब्लर वगैरे या वाटेने नीट येत नाहीत. ते भाग तीनशे डीपीआयच्या बिटमॅपमध्ये आधीच बदलून घ्या. फ्लेक्सला ही कटकट करण्याची गरज नाही. पत्रिका, बिलबुकं आणि अहवालांना मात्र आहे. आरजीबीतला काळा चार रंगांत फुटला की बारीक मात्रा आणि अनुस्वार ऑफसेटवर रजिस्टरमध्ये, म्हणजे चारही रंग नेमके एकावर एक, बसत नाहीत आणि कडेला रंगीत सावली दिसते.

स्क्रायबसचं नाव निघालं म्हणून सांगतो, कारण तुमच्या प्रयत्नाला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. स्क्रायबस 1.4 मध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटायची. ओमानमधल्या एका गटाने अरबीसाठी गुंतागुंतीच्या लिप्यांची मांडणी लिहिली, ती 1.5.3 मध्ये मुख्य शाखेत आली आणि 2024 च्या 1.6 या स्थिर आवृत्तीतून सगळ्यांपर्यंत पोचली. काम हार्फबझच्या आधाराने केलेलं असल्यामुळे देवनागरीलाही त्याचा फायदा झाला. त्यांनी फक्त अरबीपुरता जोड मारला असता, तर तो स्वीकारला जाणंही अवघड होतं आणि आपल्याला त्याचा काही उपयोग नव्हता. तुमची मागणीही अशीच मांडा. ‘मराठी पत्रिकेसाठी अमुक करा’ असं न लिहिता ‘भाषेची खूण मजकुराला लावता यावी आणि ती शेपिंगपर्यंत (अक्षरं जोडण्याच्या पायरीपर्यंत) पोचावी’ असं लिहा. मग तुर्की, सर्बियन आणि मराठी वापरणारे सगळे तुमच्या बाजूने उभे राहतात.

आता माणूस. डेव्हलपर किती हुशार आहे यापेक्षा त्या प्रकल्पात त्याचं येणंजाणं आहे का, हे बघा. इंकस्केपचं काम गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर चालतं, गिम्पचं ग्नोमच्या गिटलॅबवर, क्रिटाचं केडीईच्या इन्व्हेंटवर, स्क्रायबसच्या तक्रारी मँटिस या नोंदवहीवर. हे सगळं उघड असतं. उमेदवाराच्या नावाने गेल्या बारा महिन्यांत किती मर्ज रिक्वेस्ट (बदल मुख्य शाखेत घेण्याच्या विनंत्या) स्वीकारल्या गेल्या, किती तशाच पडून आहेत, तपासणाऱ्याने शेरा मारल्यावर तो किती दिवसांत उत्तर देतो, हे तासाभरात कळतं. स्वीकारलेल्या पाच लहान रिक्वेस्ट असलेला माणूस, एकही नसलेल्या पण मोठ्या कंपनीतल्या माणसापेक्षा तुमच्या कामाला जास्त योग्य आहे. पुण्यात सी प्लस प्लस येणारे पुष्कळ आहेत. पण मोठ्या, जुन्या कोडमध्ये पहिला बदल स्वीकारला जाईपर्यंत नव्या माणसाचे चाळीस-पन्नास तास सहज जातात, आणि ते तुमच्या वर्गणीतून गेले तर हाती काही उरत नाही. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना चाचणीत घ्या, तक्रारी नीट नोंदवायला लावा. गाभ्यातलं काम त्यांच्यावर टाकू नका.

हिशोब मांडून बघू. तीस जण, प्रत्येकी 6,000, म्हणजे 1,80,000. यातले प्रत्येकी 1,200 बाजूला ठेवा, म्हणजे 36,000. सीएची फी, बँकखर्च, ऐनवेळी गळणारे चार-पाच जण आणि नंतर निघणाऱ्या दोषांची दुरुस्ती हे त्यातून भागेल. उरले 1,44,000. भारतातल्या अनुभवी माणसाचा दर तासाला 1,600 धरला तर 90 तास मिळतात. युरोपातल्या माणसाला तासाला 5,000 रुपयांच्या आसपास द्यावे लागले तर तेवढ्याच पैशात एकोणतीसही तास होत नाहीत. या 90 तासांची वाटणी मी अशी करेन: 12 तास तपासणी, 48 तास कोड आणि त्याच्या चाचण्या, 30 तास मुख्य प्रकल्पातल्या तपासणाऱ्यांचे शेरे, दुरुस्त्या आणि बदललेल्या मुख्य शाखेशी पुन्हा जुळवणी. शेवटचे तीस तास बघून बहुतेकांना वाटतं की जास्त धरलेत. कामं नेमकी इथेच अडतात. कोड तयार असतो, शेरे येतात, डेव्हलपरचे पैसे संपलेले असतात, आणि रिक्वेस्ट वर्षभर पडून राहते.

पैसे देण्याचा सर्वांत सुटसुटीत मार्ग, डेव्हलपर भारतातला असेल तर, मधे खातंच न ठेवण्याचा आहे. त्याने तीसही जणांना वेगळी बिलं करावीत: तपासणीला 640, कोडला 2,560, तपासणीनंतरच्या दुरुस्त्यांना 1,600. प्रत्येक प्रेसच्या वहीत तो सरळ धंद्याचा खर्च होतो. एका देणाऱ्याकडून वर्षाला 50,000 च्या आतच रक्कम जात असल्यामुळे टीडीएसचा प्रश्न येत नाही. डेव्हलपरची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही. समन्वय करणाऱ्याचं काम फक्त कोणी भरले, कोणी नाही याचा उघडा तक्ता ठेवणं.

एकाच्या बचत खात्यात यूपीआयने सगळ्यांचे पैसे जमा करणं मात्र टाळा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50,000 च्या वर आलेली रक्कम भेट समजून पूर्णच्या पूर्ण करपात्र ठरू शकते, आणि मग त्या बिचाऱ्याला प्रत्येक पैशाचा खुलासा करत बसावं लागतं. मधे खातं हवंच असेल तर आधीपासून नोंदणी असलेल्या व्यावसायिक संघटनेचं वापरा. ठराव करा, या कामाचं खातेपान वेगळं ठेवा, आणि एकाच डेव्हलपरला 50,000 च्या वर देताना टीडीएस दोन टक्के की दहा हे सीएकडून लेखी घ्या. परदेशातल्या कोणी तुमच्या मोहिमेला पैसे देऊ केले तर तुमच्या खात्यात घेऊ नका. परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संघटनेने परकीय देणगी घेणं गुन्हा आहे. त्यांना सरळ प्रकल्पाच्या खात्यात द्यायला सांगा.

डेव्हलपर परदेशात असेल तर दोन वाटा आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका. कामाच्या मोबदल्यात पैसे दिले तर ती सेवेची आयात होते: रिव्हर्स चार्जने, म्हणजे तुम्हीच भरायचा, 18 टक्के जीएसटी, बँकेत पैसे कशासाठी हे सांगणारा परपज कोड, परदेशी पैसे पाठवण्याचा आयकराचा फॉर्म, आणि दोन देशांमधल्या करारातली कराची सवलत घ्यायची तर त्याच्याकडून रहिवासाचा दाखला व त्यासोबतचा फॉर्म. देणगी दिली तर हे बरंचसं टळतं, पण मग तुम्ही बदल्यात ठरावीक काम मागू शकत नाही. इंकस्केपच्या देणग्या न्यूयॉर्कच्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीकडे जातात, गिम्पच्या ग्नोम फाउंडेशनमार्फत. कागदावर देणगी आणि इमेलमध्ये कामाची यादी असा दुटप्पी व्यवहार करू नका. 2017 मध्ये क्रिटा फाउंडेशनला कराच्या तपासणीनंतर सुमारे 24,000 युरो भरण्याची वेळ आली. चांगल्या हेतूने चालणाऱ्या संस्थेलाही मूल्यवर्धित कराचा घोळ बुडवू शकतो. दरमहा थोडे थोडे पैसे पॅट्रिऑन किंवा लिबरापे या संकेतस्थळांवरून द्यायचे असतील तर भारतीय कार्डांवर परदेशी आवर्ती हप्ते वारंवार नाकारले जातात हे धरून चाला. वर्षातून एकदाच मोठी रक्कम पाठवणं बरं.

एखाद्या वैशिष्ट्यावर बक्षीस लावून ‘जो करेल त्याला’ अशी पद्धतही सुचवली जाते. ती मला पटत नाही. दोघे तिघे अर्धवट काम करतात, घाईत लिहिलेला कोड तपासणाऱ्यांच्या गळ्यात पडतो, आणि पैसे तिसऱ्याच्या ताब्यात अडकतात. अशी बक्षिसं सांभाळणाऱ्या बाउंटीसोर्स या संकेतस्थळाने 2020 मध्ये दोन वर्षांत न उचललेली बक्षिसं स्वतः ठेवण्याची अट घालून पाहिली, ओरड झाल्यावर मागे घेतली, आणि 2023 मध्ये तिथले पैसे मिळणंच थांबलं.

करार दोन पानांचा पुरे, पण त्यात काम पूर्ण झालं म्हणजे काय, हे फाइलींच्या रूपात असू द्या. तुमच्या रोजच्या कामातल्या पाच फाइली निवडा: दोन रंगांचं बिलबुक, चार रंगांची पत्रिका, मंडळाच्या अहवालाचं दाट मजकुराचं पान, पारदर्शक सावली असलेलं व्हिजिटिंग कार्ड, आणि लांबलचक जोडाक्षरांचा एक मथळा. गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर काढून त्या मुक्त परवान्याखाली द्या, म्हणजे प्रकल्प त्या कायमच्या चाचण्यांत ठेवू शकेल. मोजमापही लिहा. सीएमवायकेचं काम असेल तर घोस्टस्क्रिप्ट या मोफत प्रोग्रॅमच्या, पानावरची शाई मोजणाऱ्या इंककव्ह डिव्हाइसने पीडीएफ तपासली असता नुसत्या काळ्या मजकुराच्या पानावर पहिले तीन आकडे (काळा सोडून बाकीच्या शाया) शून्य आलेच पाहिजेत. ‘कोरलसारखं चालावं’ हे वाक्य करारात नको. त्यावरून भांडणंच होतात.

कोड प्रकल्पाच्याच परवान्याखाली, डेव्हलपरच्या नावाने जाईल असं लिहा. मर्ज होणं ही पैशाची अट ठेवू नका, कारण ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही. अट अशी ठेवा की मर्ज रिक्वेस्ट उघडी असेल, चाचण्या पास असतील आणि प्रत्येक शेऱ्याला आठवड्याच्या आत उत्तर मिळेल. काम सुरू करण्यापूर्वी त्याने प्रकल्पाच्या चर्चेत प्रस्ताव मांडून किमान एका मुख्य सदस्याची तत्त्वतः संमती मिळवावी. ती मिळाली नाही तर तपासणीच्या 640 रुपयांवर थांबा. ते पैसे फुकट गेले असं समजू नका, त्यांनी बाकीचे 4,160 वाचवले.

वेळापत्रक पुण्याच्या छपाईप्रमाणे ठेवा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पावतीपुस्तकं, अहवाल, दिवाळी अंक यांतून कोणालाही चाचणीला वेळ होणार नाही, आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू होतात. तपासणीचा टप्पा जानेवारीत, दुसरी बिलं मार्चअखेरच्या आत, आणि तुमची चाचणी मे-जूनमध्ये, असं बसतं. चाचणीसाठी रोज तयार होणारी इंकस्केपची कच्ची बांधणी गिटलॅबवरून उतरवून वेगळ्या संगणकावर चालवा. गिऱ्हाइकाचं काम तिच्यावर करू नका, तिच्यात जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत बिघडू शकते. स्थिर आवृत्ती साधारण वर्षाला एक येते: 1.2 मे 2022 मध्ये आली, 1.3 जुलै 2023 मध्ये, 1.4 ऑक्टोबर 2024 मध्ये. म्हणजे स्वीकारलेलं कामही तुमच्या रोजच्या मशिनवर यायला वर्ष लागू शकतं, हे वर्गणी मागतानाच प्रत्येकाला सांगून ठेवा. बाजूला ठेवलेल्या 1,200 पैकी उरलेले पैसे स्थिर आवृत्ती हाती येऊन दोन महिने होईपर्यंत खर्च करू नका. खरे दोष तेव्हाच सापडतात, आणि तोच डेव्हलपर ते पाच-सहा तासांत काढून देऊ शकतो.